फुल्चीच्या ‘झॉम्बी २’ ची ब्लू-रे : मेकअप करणाऱ्याने लिहिलेला रिव्ह्यू

सांगलीत गेली बावीस वर्षं हौशी नाटकांचा मेकअप करतोय, एकांकिका, राज्य नाट्य, शाळांची गॅदरिंग सगळं, त्यामुळे हा रिव्ह्यू सिनेमावाल्याचा नाहीये, ब्रश धरणाऱ्या माणसाचा आहे असं समजून वाचा. ‘झॉम्बी २’ हा लुचो फुल्चीचा १९७९ चा इटालियन पिक्चर, अमेरिकेत नुसता ‘झॉम्बी’ आणि इंग्लंडमध्ये ‘झॉम्बी फ्लेश ईटर्स’ या नावाने लागला. मी घेतलीय ती ब्लू अंडरग्राउंड या अमेरिकन कंपनीची २०१८ ची ब्लू-रे आवृत्ती, मूळ निगेटिव्हवरून ४के मध्ये साफ केलेली. दिवाळीला भाची अमेरिकेतून आली तिने बॅगेत कपड्यांच्या मधे गुंडाळून आणली. त्याआधी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवली होती तर पोचेपर्यंत डिस्कला तडा गेलेला आणि पैसेही परत मिळाले नाहीत, म्हणून यावेळी माणसाच्या हातानेच आणवली. आणि एक लक्षात ठेवा, ब्लू-रेला रिजन असतात, अमेरिका ए, युरोप बी, आपण सी, त्यामुळे डिस्क आणि आपला प्लेअर दोन्ही जुळतायत का हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

हा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा दहावीत होतो. गणपतीत गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणायचो, एका रात्रीत चार कॅसेट, दोन हिंदी एक मिथुनचा एक इंग्लिश असा हिशोब असायचा, आणि त्या वर्षी जी इंग्लिश आली तिच्यावर पेनाने नुसतं ‘इंग्लिश हॉरर’ लिहिलेलं. कॉपीची कॉपी असणार कारण सगळं हिरवट आणि अंधारलेलं, तोंडं दिसत नव्हती, मधेच सीन उडायचे, शेवट तर नव्हताच. तरी पहाटे साडेतीनला जमिनीतून एक तोंड वर आलं आणि गल्लीतली आठ-दहा पोरं एकदम गप्प झाली. ते तोंड मी विसरलो नाही. पिक्चरचं नावसुद्धा माहीत नव्हतं, पुढे बारा-तेरा वर्षांनी कुठेतरी पोस्टरचा फोटो बघितला आणि ओळखलं की अरे हेच ते.

मला वाटतं या पिक्चरांचे जे वेडे लोक जगभर आहेत त्यातल्या निम्म्यांची गोष्ट अशीच असणार. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात ‘व्हिडिओ नॅस्टीज’ म्हणून ज्या कॅसेटींवर कारवाई झाली त्या यादीत हा होता, त्यामुळे लोकांनी तो चोरून, कापलेला, खराब झालेला असा बघितला, आणि जे नीट दिसत नाही ते माणूस मनात पूर्ण करून घेतो. प्रत्येकाची कॉपी वेगळी, प्रत्येकाचा पिक्चर वेगळा. म्हणून मला भीती होती की आता स्वच्छ, लख्ख प्रिंट बघितली की जादू जाईल. तसं अजिबात झालं नाही, उलटच झालं, आणि हेच सांगायला मी एवढं टाइप करतोय.

गोष्ट थोडक्यात. न्यूयॉर्कच्या बंदरात एक रिकामी बोट तरंगत येते, आत एक मेलेला माणूस असतो जो मेलेला नसतो. बोटीच्या मालकाची मुलगी आणि एक पत्रकार माग काढत मातुल नावाच्या कॅरिबियन बेटावर जातात, तिथे एक डॉक्टर जुन्या चर्चमध्ये दवाखाना चालवतोय आणि रोज मेलेल्यांना चादरीत बांधून डोक्यात गोळी घालतोय. का उठतायत मेलेले? पिक्चर सांगत नाही. वूडू म्हणजे तिकडचा जादूटोणा म्हणतात, रोग म्हणतात, डॉक्टरलाच कळलेलं नसतं. बास एवढीच गोष्ट.

नावातल्या ‘२’ ची भानगड पण सांगून टाकतो, कारण नवीन लोक पहिला भाग शोधत बसतात. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत तिथला दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो याने स्वतः एडिट करून ‘झॉम्बी’ नावाने लावला होता आणि तो जोरात चालला, म्हणून इटालियन निर्मात्यांनी आपल्या पिक्चरला दोन नंबर देऊन टाकला. गोष्टीचा काही संबंध नाही. थेट धंद्याचं डोकं. पण फुल्चीने धंद्यासाठी आलेल्या कामात जीव ओतलाय. हा माणूस तेव्हा पन्नाशीत होता, त्याआधी कॉमेडी, वेस्टर्न, खुनाचे पिक्चर असं मिळेल ते करत आलेला.

आता मेकअप. त्यासाठीच तर घेतली.

तो जमिनीतून वर येणारा सीन असा आहे की ती मुलगी, पत्रकार आणि त्यांना बोटीने बेटावर आणणारं जोडपं असे चौघं दमून एका झाडीत पडतात, ती जागा निघते जुन्या स्पॅनिश शिपायांची दफनभूमी. आधी माती हलते. मग हात. मग कॅमेरा जमिनीच्या पातळीला जातो आणि एक डोकं संथपणे उठायला लागतं, केस चिकटलेले, एका डोळ्याच्या खोबणीत गांडुळांचा गुंता वळवळतोय आणि दुसरा डोळा बंदच. समोर उभी असलेली बाई हलत नाही, ओरडत नाही, नुसती बघत राहते. कित्येक लोक म्हणतात की ती पळत का नाही. मला तिचं ते न पळणं पटतं. आमच्याकडे विहिरीत पडलेलं माणूस वर काढताना बघितलंय मी, सगळे लोक नुसते उभे असतात, पाय उचलतच नाहीत.

हा सीन आमच्या ग्रुपच्या पोरापोरींना दाखवला, आमच्याच घरी, विश्रामबागला. एक पोरगी नुकतीच मेकअप शिकायला लागलीय, तिने रिमोट घेऊन पॉज केलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. म्हणाली, “सर, हे रबर नाहीये. ही माती आहे ना?”

बरोबर. जियानेत्तो दे रोस्सी नावाच्या माणसाचा मेकअप आहे हा, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे चेहऱ्यावर चढवलेली माती, थरावर थर, सुकून तडकलेली. जुन्या कॅसेटवर हे नुसतं काळं डबडं दिसायचं. आता प्रत्येक भेग दिसते. भेगेच्या कडा वर उचललेल्या दिसतात, म्हणजे खालचा थर ओला असताना वरचा सुकलाय, आणि आमच्या कामातल्या माणसाला हे बघून त्या दिवशी मेकअपला किती तास बसवलं असेल ते कळतं. मी स्वतः मुलतानी माती, टिश्यू पेपर आणि लेटेक्स असं करतो आणि मला माहितेय की माती लावलेला नट तोंड हलवू शकत नाही, हसला तर गेला गाल, डोळा मिचकावला की पापणीवरचं सगळं खाली. म्हणूनच हे मेलेले हळू चालतात, मान वळवत नाहीत, डोळे मिटून येतात असं मला बघताना सारखं वाटत होतं. मेकअपची अडचण होती तीच त्यांची चाल झाली. महागड्या रबरी मुखवट्यात नट मोकळा राहतो आणि मग तो जिवंत दिसायला लागतो.

मातीचं अजून एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, उतरल्यावर गावभागात मावशीचं घर साफ करायला आम्ही सगळे गेलो, गुडघाभर गाळ. दुपारी सगळे बाहेर कट्ट्यावर बसलो तेव्हा मामांच्या तोंडावर, दाढीत, भुवईत तो गाळ सुकलेला आणि बोलताना तडकत होता, आणि मला एकदम तो शिपाई आठवला. लाज वाटली तेव्हा, घर गाळात गेलेल्या माणसाकडे बघून असं काय आठवतंय म्हणून. पण आता वाटतं की फुल्चीने जे पकडलंय ते हेच, की मेलेला माणूस म्हणजे भूत नाही, तो मातीचा झालेला माणूस आहे. त्या घरातून काढलेल्या गाळाची एक बरणी मी ठेवलीय, वाळवून, चाळून, मेकअपला वापरतो. मुलतानीपेक्षा भारी तडकतो.

पैसे कमी होते हे पिक्चरभर दिसतं पण ते कुठे वाचवले हे बघण्यासारखं आहे. हा पिक्चर टेक्निस्कोपमध्ये शूट झालाय. साध्या ३५ एमएममध्ये एका फ्रेमला फिल्मची चार छिद्रं लागतात, टेक्निस्कोपमध्ये दोनच, म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये काम आणि वर मोठ्या पडद्याची रुंद चौकट. टेक्निकलर या रंगीत फिल्मवाल्या कंपनीच्या इटलीतल्या शाखेनेच काढलेली युक्ती आहे ती, वेस्टर्नवाल्यांनी भरपूर वापरली. तोटा असा की फ्रेम छोटी त्यामुळे दाणे मोठे दिसतात, आणि या ब्लू-रेवर ते दाणे तसेच ठेवलेत, पुसून प्लास्टिक केलं नाहीये. मला हे फार आवडलं. मातीच्या चेहऱ्याला दाणेदार फिल्मच पाहिजे. सेर्जो साल्वातीचा कॅमेरा आहे, बेटावरचं ऊन इतकं पांढरं आणि कोरडं आहे की दुपारीच भीती वाटते, रात्रीची गरजच नाही.

डोळ्याचा सीन. याबद्दल लिहायलाच पाहिजे कारण यामुळेच पिक्चर बदनाम आणि यामुळेच प्रसिद्ध. डॉक्टरची बायको दार लावून घेते, दाराच्या पट्ट्यांतून एक हात आत येतो, तिचे केस धरतो आणि तिला ओढायला लागतो, फुटलेल्या लाकडाची एक लांब सळई बरोबर तिच्या डोळ्यासमोर. आणि फुल्ची घाई करत नाही. दुसरा कुणीही दिग्दर्शक कट मारून किंकाळी ऐकवेल, हा दाखवतो, तिची बाजू, लाकडाची बाजू, परत तिची, अंतर इंच इंच कमी. फुल्चीने तरुणपणी डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं होतं म्हणतात ते इथे पटतं. शेवटचा क्षण मॉडेलवर केलाय हे मला दिसतं, नीट बघितलं तर तुम्हालाही दिसेल, पण तोपर्यंत तुमचा श्वास अडकलेला असतो त्यामुळे काही फरक पडत नाही. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा उठून गॅलरीत गेला. हौशी रंगभूमीवर आम्ही नेहमी हेच सांगतो की घाव दाखवण्यापेक्षा घाव यायला किती वेळ लागतो ते दाखवा.

शार्कचा सीन मी पोरांना आधी सांगितला नव्हता. पाण्याखाली एक झॉम्बी आणि एक खरा शार्क यांची मारामारी. खरा म्हणजे खरा, १९७९ साल आहे, कॉम्प्युटर नाही. मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेसजवळ शूट केलंय आणि झॉम्बीच्या मेकअपमध्ये रामोन ब्रावो हा मेक्सिकन डायव्हर आहे, त्याचं आयुष्यच शार्कमध्ये गेलेलं. तो शार्कला मिठी मारतो, चावायला जातो, मास्क नाही, नळी नाही. कथेत या सीनची काहीही गरज नाही. पण असा सीन मोठ्या बजेटच्या पिक्चरमध्ये कुणी करूच देणार नाही, वकील आणि इन्शुरन्सवाले आधी उभे राहतील. छोट्या पिक्चरवाल्यांकडे पैसा नसतो म्हणून त्यांना माणसाची छाती वापरावी लागते आणि ती पडद्यावर दिसते.

फाबिओ फ्रित्सीचं संगीत तर मी आता मेकअप करताना लावतो, बॉक्समध्ये त्याची वेगळी सीडी आहे. सिंथेसायझरची एक साधी चाल आणि खाली ठोका. हलगी अगदी संथ करा, इतकी संथ की दोन ठोक्यांच्या मधे माणूस अस्वस्थ होईल, तसा ठोका. कुठेही दचकवायला म्हणून मोठा आवाज नाही. आजकालच्या हॉररमध्ये दर पाच मिनिटांनी कानात धाड असतं त्याची सवय झालेल्यांना सुरुवातीला हे झोपाळू वाटेल, धीर धरा.

आमच्या घरी बघून झाल्यावर शेजारचे काका (वय सत्तरच्या पुढे, पूर्ण पिक्चर बसून बघितला त्यांनी) म्हणाले की आपल्या भुतांना काहीतरी पाहिजे असतं, यांना काहीच नको. केवढं खरं आहे. आपला मुंजा घ्या, समंध घ्या, हडळ घ्या, प्रत्येकाची काहीतरी इच्छा राहिलेली असते, लग्न, धन, पोर, आणि म्हणून उतारा असतो, अमावस्येला दहीभात ठेवला, लिंबू उतरवलं की वाट मोकळी. बोलणी करता येतात आपल्या भुतांशी. फुल्चीच्या मेलेल्यांना नाव नाही, राग नाही, इच्छा नाही. रोमेरोचे झॉम्बी सवयीने मॉलमध्ये तरी येतात, हे कशासाठीच येत नाहीत. त्यांना काय उतरवून टाकणार? ही भीती आपल्याकडच्या गोष्टींत नव्हती आणि म्हणूनच दहावीतल्या पोरांची त्या रात्री बोलती बंद झाली असेल.

कमी पण आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासात न्यूयॉर्कनंतर पिक्चर रेंगाळतो, बोटीवरचं बोलणं कंटाळवाणं आहे. पत्रकार आणि ती मुलगी यांच्यात काही घडतंय असं वाटतच नाही. बेटावरच्या लोकांना जवळपास आवाज नाही, लांबून ढोल वाजवायचा आणि मरून उठायचं एवढंच काम, गोऱ्या डॉक्टरच्या नजरेतूनच सगळं, ते आज बघताना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. डायव्हिंगच्या सीनमध्ये उघड्या अंगाचं दृश्य आहे ते निव्वळ तिकिटासाठी. लहान पोरं घरात असतील तर लावू नका, आणि जेवताना तर मुळीच नको.

डबिंगबद्दल लोक नाक मुरडतात. त्या काळी इटलीत सेटवर आवाज रेकॉर्ड करायचेच नाहीत, इंग्रज नट इंग्लिश बोलायचा, इटालियन इटालियन, नंतर सगळ्यांवर आवाज चढवायचे. ओठ जुळत नाहीत कधी कधी. पण आपले हिंदी पिक्चर पण तेव्हा डबिंगवरच चालायचे की, आपल्याला त्याची सवय आहे. मला तर त्या आवाजाने सगळं स्वप्नातल्यासारखं वाटतं, माणूस इथे आणि आवाज दोन हात लांबून.

हे बघताना मला आपले हिंदी हॉररवाले रामसे बंधू सारखे आठवत होते. सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वरला, अख्खं कुटुंब गेस्ट हाऊसमध्ये राहून ‘दो गज जमीन के नीचे’ शूट केला त्यांनी, १९७२ ला आला, कॅमेरा एका भावाकडे, आवाज एकाकडे, दिग्दर्शन दोघांकडे. या पिक्चरच्या आधी सात वर्षं. ‘दो गज’लाही अशी मूळ निगेटिव्हवरून साफ केलेली, मुलाखती घातलेली ब्लू-रे मिळायला पाहिजे असं फार मनापासून वाटतं, महाबळेश्वरचं धुकं तरी एकदा नीट दिसेल. आपण आपल्या हॉररला कमी लेखून सोडून दिलं आणि तिकडच्या लोकांनी त्यांचं जपलं.

जपलं म्हणजे किती ते या डिस्कच्या एक्स्ट्रामध्ये कळतं. मेकअपवाले, कॅमेरामन, संगीतकार, लेखक, फुल्चीची मुलगी अंतोनेल्ला, सगळ्यांच्या मुलाखती आहेत. मेक्सिकन दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो येऊन या पिक्चरबद्दल एखाद्या पोरासारखा बोलतो. मी दे रोस्सी आणि त्याच्या लोकांचा भाग चार वेळा बघितला, वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे नाटकाचा रंगभूषाकार म्हटलं की श्रेयनामावलीत शेवटून दुसरा, इथे त्याला खुर्चीवर बसवून विचारलंय की ते तोंड तुम्ही कसं केलं. कव्हर तीन प्रकारची निघाली होती, आमच्या वाट्याला गांडुळांच्या डोळ्याचं आलंय, हलवलं की चित्र हलतं.

आवडला तर पुढे काय बघायचं? फुल्चीचाच ‘द बियाँड’, १९८१ चा, कथा अजून कमी आणि स्वप्न अजून जास्त, शेवट तर मी कुठल्याच पिक्चरमध्ये असा बघितला नाही. त्यात दवाखान्याच्या दारावर इंग्लिशमध्ये ‘डू नॉट एन्ट्री’ लिहिलंय, घाईत पाटी रंगवणाऱ्याची चूक, आणि त्या चुकीवर लोक आजही माया करतात. उम्बेर्तो लेन्झीच्या ‘नाईटमेअर सिटी’ (१९८०) मध्ये मेलेले नाहीत, किरणोत्सर्गाने बिघडलेली माणसं आहेत, ती पळतात, सुरे चालवतात, मला मेकअप आवडला नाही पण वेग आहे. आंद्रेआ बियांकीचा ‘बेरियल ग्राउंड’ फक्त मेकअपसाठी बघा, तिथले चेहरे म्हणजे नुसती माती आणि अळ्या. ब्रुनो मात्तेईचा ‘हेल ऑफ द लिव्हिंग डेड’ सोडलात तरी चालेल, दुसऱ्यांच्या पिक्चरमधलं संगीत आणि माहितीपटातली दृश्यं जोडून केलेला आहे.

शेवटचा सीन ज्याने बघितला नाही त्याने हा परिच्छेद सोडावा. माझ्या कॅसेटवर तो नव्हताच, तीस वर्षांनी पहिल्यांदा बघितला. ब्रुकलिन ब्रिजवर वरच्या पायवाटेने मेलेले चालतायत, हळू, रांगेने, आणि खाली गाड्या नेहमीसारख्या धावतायत. ट्रॅफिक थांबवलेलं नाही. जग संपतंय आणि खालच्या गाडीतल्या माणसाला ऑफिसला उशीर होतोय. पैसे असते तर जळत्या गाड्या आणि हेलिकॉप्टर दाखवले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे आयर्विन पुलावर फिरायला गेलो, धुकं होतं, समोरून म्हातारी माणसं स्वेटर घालून संथ येत होती, खाली नदी. कठड्याला धरून दोन मिनिटं उभा राहिलो.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बोटीवरच्या गप्पांचा कापला. डिस्क सध्या त्या मेकअप शिकणाऱ्या पोरीकडे आहे, एकांकिकेत तिला एका पात्राचं कुजलेलं तोंड करायचंय. रक्तासाठी मी तिला काकवीत लाल खायचा रंग आणि चिमूटभर कॉफी सांगितलीय, फक्त प्रयोग झाला की लगेच धुवायचं नाहीतर मुंग्या लागतात, आणि गाळाची बरणी पण देऊन टाकलीय. पहिला थर पूर्ण सुकायच्या आत दुसरा द्यायचा असं तिने त्या सीनवरून स्वतःच ओळखलं, मी सांगितलं नव्हतं.